यंत्र आणि घर : मोटारींतील गारवा ऐन वैशाखांत कां दगा देतो ?

वैशाख लागला म्हणजे आमच्या टपालांत एका ठराविक तक्रारीचीं पत्रें येऊं लागतात. माघ-फाल्गुनांत उत्तम चालणारें मोटारींतील वातानुकूलन यंत्र ऐन उन्हाळ्यांत बंद पडतें. मिस्त्री गॅस भरून देतो. आठ-पंधरा दिवस बरे जातात. आणि पुनः पहिले पाढे पंचावन्न. या यंत्राला घरोघर ‘एसी’ म्हणतात. आम्हीही येथें तोच सुटसुटीत शब्द वापरतों. यंदांच्या पत्रांपैकीं एक आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, कारण त्यांत यंत्राच्या बिघाडाबरोबर एका वृद्ध बाईंच्या जिवाचाही प्रश्न होता.

पत्र अमरावतीकडील एका एकत्र कुटुंबांतील गृहस्थांचें आहे. भाच्याची मुंज नागपुरास होती. मुहूर्त अकराच्या पुढचा. तेव्हां भिक्षावळ, पंक्ति सर्व आटोपून परतीस निघावयास तीन वाजले. मुहूर्त काढणाऱ्यांनीं पाऱ्याकडे पाहावें ही अपेक्षा व्यर्थ आहे. आणि विदर्भांतील मे महिन्याची दुपार म्हणजे काय हें तेथल्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको. पारा ४५ अंशांच्या पलीकडे जाणें तिकडे नवलाचें नाहीं. गाडींत ८१ वर्षांच्या मातोश्री होत्या. गाडी हमरस्त्यावरून वेगानें चालली होती तोंवर गारवा ठीक होता. पुढें टोलनाक्यापाशीं मोठी रांग लागली, गाडी अर्धा-पाऊण तास मुंगीच्या पावलांनीं सरकत राहिली, आणि झरोक्यांतून थंड हवेच्या जागीं भट्टीची हवा येऊं लागली. थोड्या वेळानें मातोश्रींचें बोलणें असंबद्ध होऊं लागलें, तेव्हां मंडळींच्या तोंडचें पाणी पळालें. एका पेट्रोलपंपाच्या सावलींत त्यांना उतरविलें, अंगावर ओलें लुगडें घालून वारा घातला, आणि तशाच जवळच्या रुग्णालयांत नेलें. दोन दिवसांनीं त्या सुखरूप घरीं आल्या.

परंतु घरांत त्या दिवसापासून दोन पक्ष पडले. धाकटे बंधु म्हणतात, गाडी जुनी झाली, विकून टाका. थोरले म्हणतात, गाडीला कांहीं झालेलें नाहीं; एका उन्हाळ्यांत तीनदां गॅस भरण्याचे पैसे घेणारा मिस्त्रीच लबाड आहे. मधले बंधु, म्हणजे पत्रलेखक, यांनीं आम्हांस पंच नेमलें आहे.

निवाडा देण्यापूर्वीं हें यंत्र करतें तरी काय, तें पाहिलें पाहिजे. माठांतील पाणी गार कां होतें हें आपल्या घरांतील शाळकरी मुलेंही सांगतील. माठाच्या अंगांतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते, आणि होतांना ती माठांतील उष्णता घेऊन जाते. मोटारींतील एसी हा असाच माठ आहे; फरक इतकाच कीं, माठाचें पाणी उडालें कीं गेलें, आणि येथील द्रव मात्र धरून आणून पुनः पुनः उडविला जातो. डॅशबोर्डच्या मागें एक कूलिंग कॉइल असते. तिच्यांत हा द्रव कमी दाबाखालीं, शून्याच्या थोड्या वरच्या उष्णमानास उकळतो आणि गाडींतील हवेची उष्णता शोषून घेतो. झालेली वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो व दाबून तिचा दाब आणि उष्णमान दोन्ही वाढवितो. ही तापलेली वाफ गाडीच्या अगदीं तोंडाशीं, रेडिएटरच्याही पुढें बसविलेल्या कंडेन्सर नांवाच्या जाळींत जाते. तेथें बाहेरच्या वाऱ्याला आपली उष्णता देऊन तिचा पुनः द्रव होतो, आणि एका अरुंद झडपेंतून तो परत कॉइलकडे येतो. म्हणजे एसी थंडी निर्माण करीत नाहीं. आंतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकणारा तो एक हमाल आहे. अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें १९३९ सालीं असें यंत्र मोटारींत बसवून विक्रीस आणलें, तेव्हां त्याची कॉइल मागें सामानाच्या पेटींत होती, आणि तें बंद करावयाचें तर इंजिन थांबवून कॉम्प्रेसरचा पट्टा काढून ठेवावा लागे. त्या मालकांना निदान पट्टा कोठें आहे हें ठाऊक असे. आजचा मालक बटण दाबतो.

आतां या हमालाची अडचण पाहा. उष्णता ही अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडेच जाते. तेव्हां कंडेन्सर हा बाहेरच्या हवेहून चांगलाच गरम असला तरच तो तिला उष्णता देऊं शकणार. बाहेर ३० अंश असतील तर कंडेन्सरमधील वायु ५० अंशांवर असला म्हणजे पुरे. आपल्याकडील बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नांवाचा वायु असतो. त्याचा दाब त्या उष्णमानास वातावरणाच्या सुमारें तेरापट होतो. बाहेर ४५ अंश झाले कीं कंडेन्सरला ६५ अंशांपर्यंत जावें लागतें, आणि दाब सुमारें एकोणीसपट होतो. त्यांत गाडी उभी, खालीं तापलेलें डांबर, पुढें ट्रकचा गरम धूर. म्हणजे कंडेन्सरला मिळणारी हवा ४५ अंशांची नव्हे, तर त्याहून बरीच अधिक तापलेली. दाब साधारण तीसपटींच्या आसपास पोंचला कीं नळ्या फुटूं नयेत म्हणून एक स्वयंचलित कळ कॉम्प्रेसरच बंद करते. पाहणाऱ्याला वाटतें यंत्र मेलें. वास्तविक त्यानें स्वतःचा जीव वाचविलेला असतो. माघांत बारा आणे काम करणारें यंत्रही पुऱ्या रुपयाचें वाटतें. वैशाखांत मात्र उरलेल्या चार आण्यांची गरज पडते आणि तेथें सगळें उघडें पडतें.

म्हणून मिस्त्रीकडे जाण्यापूर्वीं मालकानें एकच गोष्ट नीट पाहून ठेवावी : गारवा नेमका केव्हां जातो ? वैद्य जसा ताप केव्हां भरतो, सकाळीं कीं तिसऱ्या प्रहरीं, हें आधीं विचारतो तसें हें आहे. ‘एसी चालत नाहीं’ एवढेंच सांगून गाडी सोपविली कीं पुढचा माणूस गॅस भरणार, कारण तें सर्वांत सोपें व ताबडतोब गुण दाखविणारें काम आहे.

धांवतांना गार आणि उभ्या गाडींत गरम, हें पत्रलेखकांचें लक्षण. हें लक्षण सर्वांत बोलकें आहे. गाडी ताशीं ६० किलोमीटरांनीं चालली कीं समोरचा वारा कंडेन्सरमधून फुकट वाहतो. गाडी उभी राहिली कीं सर्व भार पुढच्या विजेच्या पंख्यावर. (नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग, लांबी ७०१ किलोमीटर, २०२५ सालीं पूर्ण खुला झाला, त्यावरून मधल्या पंख्याशिवाय निघालेली गाडीही निर्दोष वाटेल, आणि मुंबईच्या पहिल्या चौकांत तिचें बिंग फुटेल.) तेव्हां गाडी सावलींत उभी करून इंजिन व एसी चालू करावे, बॉनेट उघडावें आणि दूर उभें राहून पंखा फिरतो कीं नाहीं, आणि फिरतो तर जोरानें फिरतो कीं रडतखडत, तें पाहावें. हात, पदर, उपरणें यांपैकीं कांहींही जवळ नेऊं नये. कित्येक गाड्यांत इंजिन बंद असतांही हा पंखा अकस्मात् सुरू होतो. पंखा फिरत नसेल तर फ्यूज, रिले किंवा पंख्याची मोटर यांपैकीं कांहीं गेलें आहे, आणि हीं दुरुस्त करण्यास गॅसला हात लावण्याचें कारणच नाहीं.

पंखा बरा असेल तर जाळी पाहावी. कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांत धूळ, चिलटें, पाखरें आणि वऱ्हाडांत तर कापसाचे तंतु अडकून त्याची गादी होते. पुष्कळदां ती समोरून दिसत नाहीं, कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटींत असते. इंजिन निवाल्यावर पाण्याच्या साध्या नळीनें, सौम्य धारेनें ती धुवावी. गाडी धुण्याच्या यंत्राची जोरकस धार मारली तर ते नाजुक पत्रे वांकतात आणि जें छिद्र मोकळें करावयाचें तेंच बुजतें.

आम्हीं पत्रलेखकांस इतकेंच उलट कळविलें कीं, दुसऱ्या एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडून आधीं पंखा तपासावा, आणि मग आंतला सर्व गॅस यंत्रानें बाहेर काढून तो वजन करून पाहावा. त्यांचें दुसरें पत्र आलें तें वाचण्याजोगें आहे. पंखा दोन वेगांचा; त्यांपैकीं मोठ्या वेगाचा रिले जळालेला, म्हणून तो केवळ मंद वेगानें फिरत होता. आणि बॉनेटखालच्या पाटीवर ५५० ग्रॅम गॅस लिहिलेला असतांना आंतून निघाला ७३० ग्रॅम ! म्हणजे रोग पंख्याचा, आणि औषध म्हणून तीनदां गॅस. जास्त गॅसानें जास्त गारवा मिळत नाहीं. कंडेन्सरमध्यें द्रवच द्रव सांचून वाफ निवण्यास जागा उरत नाहीं, दाब आणखी चढतो, आणि ती स्वयंचलित कळ अधिकच लवकर पडते. मग प्रत्येक वेळीं पंधरा दिवस बरें कां गेलें ? आमचा तर्क असा कीं, बरें गेलें तें सकाळच्या वेळीं आणि मोकळ्या रस्त्यावर. गाडी ताब्यांत मिळते ती सावलींत उभी असते, पुढें दुकानाचा मोठा पंखा फिरत असतो. तेथें बहुतेक गाड्या गार हवा देतात. तेव्हां आमचा निवाडा असा : गाडी विकण्याचें कारण नाहीं, म्हणून धाकट्यांचा पक्ष गेला, आणि मिस्त्री लबाड असल्याचाही पुरावा नाहीं, तो न तपासतां औषध देणारा होता. थोरल्यांनीं तेवढ्यावर समाधान मानावें.

गॅसविषयीं थोडें अधिक लिहिणें भाग आहे, कारण सर्वांत जास्त पैसे येथेंच जातात. पेट्रोलासारखा हा गॅस खर्च होत नाहीं. बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षें किंचित् झिरपतो हें खरें. पण दर उन्हाळ्यांत भरावा लागत असेल तर तो कोठें तरी गळतो आहे, आणि गळती शोधल्यावांचून भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें. गळती शोधण्याच्या रीति आहेत : आंत नायट्रोजन दाबून सांध्यांवर साबणाचा फेंस लावणें, किंवा रंगद्रव्य सोडून जांभळ्या दिव्याखालीं पाहणें. दुरुस्तीनंतर पंपानें आंतील हवा व ओलावा अर्धा तास तरी ओढून काढावा लागतो, आणि मग पाटीवरच्या वजनाबरहुकूम गॅस तोलून भरावयाचा. नुसता दाबाचा कांटा पाहून ‘गॅस कमी आहे’ किंवा ‘भरपूर आहे’ असें कोणी उभ्या यंत्रावर सांगेल तर त्यावर विसंबूं नये. सिलिंडरांत थोडा द्रव असला काय आणि पुष्कळ असला काय, दाब तोच असतो. तो उष्णमानावर ठरतो, प्रमाणावर नाहीं. जुना गॅस हवेंत सोडून देणाऱ्यासही अडवावें. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनला मारक असणारा जुना वायु मोटारींतून गेला व आर-१३४ए आला; पण हाही पृथ्वीची उष्णता वाढविण्यांत कार्बन डायॉक्साइडच्या हजारपटींहून अधिक जबर आहे. आणि स्वस्त म्हणून स्वयंपाकाच्या गॅससारखा ज्वालाग्राही वायु कोणी भरूं पाहील तर गाडी तेथून तत्काळ हलवावी. कॉइल आपल्या बैठकीच्या पुढ्यांत असते. ती गळली तर तो वायु गाडींतच भरणार.

दुसरें लक्षण असें : सकाळीं उत्तम, आणि दुपारीं अर्धा-पाऊण तास चालल्यावर एकाएकीं बंद, गाडी निवली कीं पुनः सुरू. येथें पुष्कळदां कॉम्प्रेसरच्या तोंडावरचा विजेचा क्लच अपराधी असतो. विजेच्या वेटोळ्यानें लोहचुंबक होऊन तो एक लोखंडी चकती ओढून धरतो. वर्षांनुवर्षें झिजून चकतीमधील फट वाढते. त्यांत तांब्याची तार तापली कीं तिचा विरोध वाढतो, दर अंशास सुमारें ०.४ टक्के, बॉनेटखालीं ती ऐंशी अंशांनीं तापली कीं वीज सुमारें चौथ्या हिश्शानें कमी वाहते आणि चुंबक तेवढा दुबळा होतो. थंड असतांना ओढून धरलेली चकती मग सुटते. फट मापून नीट केली कीं काम होतें. त्यासाठीं सबंध कॉम्प्रेसर बदलण्याची सूचना आली तर दुसरें मत घ्यावें. कित्येक नव्या गाड्यांत हा क्लचच नसतो. तेथें ही चिकित्सा लागू नाहीं.

तिसरें : प्रारंभीं गार हवा भरपूर, तासाभरानें झरोक्यांतून वाराच क्षीण, पंखा तर घोंघावतो आहे. कॉइलवर बर्फ जमल्याचें हें चिन्ह. एसी बंद ठेवून नुसता पंखा दहा-पंधरा मिनिटें चालवावा. बर्फ वितळून वारा पूर्ववत् झाला तर निदान पक्कें. कारण बहुधा उष्णमान मोजणारी कॉइलपाशींची कळ, कमी झालेला गॅस, किंवा आंतील हवेची गाळणी धुळीनें गच्च भरलेली. ही गाळणी बहुतेक गाड्यांत सामानाच्या कप्प्यामागें असते व घरींच काढून पाहतां येते. आमच्या समजुतीप्रमाणें निम्म्या घरांत ती कोणीं उघडून पाहिलेलीच नसते.

इंजिनाच्या उष्णमानाचा कांटाही पाहत जावा. इंजिन फार तापूं लागलें कीं पुष्कळ गाड्या आपणहून एसी बंद करतात; अशा वेळीं गारव्याची चिंता सोडून आधीं गाडी थांबवावी.

मुंबई-कोंकणांतील वाचकांची तक्रार निराळी असते. पारा अवघा ३४, आणि तरी गाडी गार होत नाहीं. नागपूरचे पाहुणे ४२ अंशांतही त्याच जातीच्या गाडींत सुखानें फिरतात. येथें दोष यंत्राचा नव्हे, हवेंतल्या पाण्याचा. दमट हवेंतून एक लिटर पाणी काढावयाचें तर यंत्राला जवळजवळ तितकी उष्णता उपसावी लागते, जितकीनें सहा लिटर बर्फगार पाणी उकळीस येईल. म्हणून किनाऱ्यावर कांचा उघड्या ठेवून किंवा बाहेरची हवा आंत घेऊन एसी चालविणें म्हणजे समुद्र उपसणें होय. प्रथम दोन मिनिटें कांचा उघडून आंतील कोंडलेली हवा जाऊं द्यावी, मग त्या लावून आंतलीच हवा फिरविण्याची कळ दाबावी, आणि लांबच्या प्रवासांत अधूनमधून थोडी ताजी हवा घ्यावी. गाडीखालीं जें पाणी ठिबकतें तें हेंच, हवेंतून काढलेलें. त्यासाठीं मिस्त्री नको. तें न ठिबकतां पुढच्या प्रवाशाच्या पायांखालीं सतरंजी भिजत असेल तर मात्र निचऱ्याची नळी तुंबली आहे.

आतां मूळ पत्रांतील गंभीर भाग. वाटेंत एसी बंद पडला आणि गाडींत वृद्ध किंवा तान्हें मूल असेल, तर रांगेंतील आपली जागा राखीत बसूं नये, सावली गांठावी. बाहेरची हवा अंगाहून गरम असेल तेव्हां नुसता वारा पुरत नाहीं; अंग, मान, काखा ओल्या कराव्या आणि मग वारा घालावा. शुद्धीवर असेल त्याला घोट घोट पाणी, पन्हें, ताक द्यावें. पण बोलणें असंबद्ध झालें, माणूस ओळखेनासा झाला, किंवा ग्लानि आली, तर तो थकवा नव्हे. तो उष्माघात आहे. अशा माणसाच्या तोंडांत कांहींही घालूं नये, अंग भिजवीत राहावें, आणि १०८ ला दूरध्वनि करावा किंवा थेट रुग्णालय गांठावें. पत्रलेखकांच्या घरांत हें सुचलें, म्हणून मातोश्री वाचल्या. ‘घरीं जाऊन पाहूं’ म्हटलें असतें तर काय झालें असतें तें आम्ही लिहीत नाहीं.

आणखी एक. ‘पांच मिनिटांत येतों’ म्हणून देवळाशीं किंवा दुकानाशीं मुलांना अथवा आजोबांना बंद गाडींत ठेवून जाण्याची पद्धत आमच्या पाहण्यांत वारंवार येते. अमेरिकेंत २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, बाहेर केवळ २२ अंश असतांना उन्हांतील बंद मोटारींत तासाभरांत पारा ४७ अंशांपर्यंत गेला. त्यांतील बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासांत झाली, आणि कांचा थोड्या उघड्या ठेवल्यानें विशेष फरक पडला नाहीं. आपल्याकडे सुरुवातच ४० पासून होते. इंजिन व एसी चालू ठेवून जाणें हाही उपाय नव्हे. वर सांगितलेल्या सर्व कारणांनीं उभ्या गाडीचाच एसी प्रथम दगा देतो, आणि बंदिस्त जागेंत गाडी असेल तर धुरांतील विषारी वायूची भीति वेगळीच.

विजेवर चालणाऱ्या मोटारींविषयीं पांच-सहा वाचकांनीं विचारलें आहे. त्यांत कॉम्प्रेसरला पट्टा नसतो, तो उच्च दाबाच्या विजेवर फिरतो, आणि बॅटरी थंड ठेवण्याचें कामही कित्येक गाड्यांत त्याच यंत्राकडे असतें. त्यामुळें रस्त्यावरच्या मिस्त्रीनें त्यास हात लावणें धोक्याचें आहे. त्याविषयीं सविस्तर पुढील अंकीं.